सातव्या आसनाची ओ

सगुणा परब हिच्याकडे मोजण्याची रीत वडिलांकडून आली होती. ते गावच्या खाडीवर तर, म्हणजे माणसे पैलतीरी नेणारी होडी, चालवीत. माणसे चढताना मोजायची, उतरताना पुन्हा मोजायची आणि दोन्ही वेळा प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून मोजायची, असा त्यांचा शिरस्ता होता. घाईतले बाजारकरू चिडत. “आमी काय गुरां आसव?” असे कोणी विचारले, की म्हातारा हात न थांबवता म्हणे, “ओ कोणीय देता. खांदो मात्र ज्येचो त्येकाच आसता.” मुलगी काठावर बसून हे ऐकत असे.

पुढे तीच रीत ती समुद्र ओलांडून शारजाला घेऊन आली. लिंडेनहोफ नावाच्या जर्मन माध्यमाच्या बहुभाषी शाळेच्या नऊ नंबरच्या बसवर ती मुलांची सोबतीण होती. कागदोपत्री तिच्या हुद्द्याला लांबलचक इंग्रजी नाव होते. प्रत्यक्षात सगळे तिला नॅनी म्हणत. मुले शाळेच्या आवारात उतरली, की सगुणा शेवटच्या आसनापर्यंत चालत जाई आणि मागून पुढे येताना प्रत्येक आसनावर तळवा टेकवी. आसन रिकामे आहे हे डोळ्यांना दिसत असले, तरी तळव्याला पटल्यावाचून ती पुढच्या आसनाकडे वळत नसे.

बसच्या अगदी मागे एक लाल बटण होते. इंजिन बंद केल्यावर चालकाने मागपर्यंत चालत जाऊन ते दाबायचे, नाहीतर भोंगा वाजू लागतो, अशी योजना होती. म्हणजे बटण दाबण्याच्या निमित्ताने तरी कोणीतरी सगळ्या आसनांवरून नजर फिरवील. चालक वासिफ हा पेशावरकडचा, पन्नाशी उलटलेला आणि गुडघ्यांनी अधू झालेला गृहस्थ. तो पुढच्या दाराने उतरून गाडीला वळसा घाली, मागचे दार उघडी आणि बाहेर उभा राहूनच हात आत घालून बटण दाबी. सगुणाला हे ठाऊक होते. तिने कधी तक्रार केली नाही. तिचा तळवा फिरत होता तोवर वासिफच्या गुडघ्यांना सवलत देण्यात तिला काही वावगे दिसले नाही.

तिचा नवरा भिकाजी खोर फक्कानच्या बंदरात कंटेनर बांधण्याचे काम करी. तीन वर्षांपूर्वी शिडीवरून घसरून त्याची कंबर गेली आणि तो गावी परतला. सगुणा मागे राहिली. शारजातल्याच रोला भागात तीन बायकांत मिळून एक खोली होती, तिथे राहू लागली. रोज संध्याकाळी भिकाजीचा फोन येई. जेवणखाण, औषधपाणी ह्या गोष्टी मागाहून. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

“सगळी उतारली?”

“सगळी.”

तो इथे होता तेव्हापासून, तिच्या नोकरीच्या बारा वर्षांत, ह्या उत्तरात एका अक्षराचाही फरक पडला नव्हता.

त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस शाळा उघडली तेव्हा हवेत नुसते पाणी भरले होते आणि वारा मुळीच नव्हता. अल मजाजच्या उंच इमारतींसमोर खालिद लगूनचे पाणी तेलासारखे निपचित पडलेले असे. अशा एका सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी अस्मिता देशमुख आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, अवनीला, घेऊन खाली उभी होती. अस्मिता अबुधाबीच्या एका बँकेत नोकरीला होती. नवरा सुजीत पंप तयार करणाऱ्या एका जर्मन कंपनीच्या इथल्या कचेरीत होता. जानेवारीत कंपनी त्याला स्टुटगार्टला पाठविणार होती, आणि मुलीने तिथल्या शाळेत गेल्यावर गोंधळू नये म्हणून चार महिने आधी तिला ह्या शाळेत घातले होते.

“मावशी, तुम्ही मराठी? वा, म्हणजे मला टेन्शनच नाही,” अस्मिता म्हणाली.

अवनीने मात्र पायरीवर उभ्या उभ्या चौकशीच सुरू केली. “मावशी, ह्या बसला मागे पण दार का आहे? ते काका लंगडतात का? आमच्या बाल्कनीतून सेव्हन्टीन बोटी दिसतात. काल सिक्स्टीन होत्या. मग एक कुठून आली?”

“ती रात्री वल्हवत इली आसतली,” सगुणा म्हणाली. अवनी खदखदून हसली आणि सातव्या आसनावर जाऊन बसली. पहिले तीन आठवडे ती त्या आसनावरून शाळेपर्यंत सारखी बोलत असे.

शाळेत जर्मन अजिबात न येणाऱ्या मुलांचा एक वेगळा वर्ग होता. कोणी कोरियातून आलेले, कोणी कझाकस्तानातून, कोणी मुंबईहून. त्या वर्गाच्या सुमैय्या बाई स्वतः सहाव्या वर्षी बगदादहून हॅम्बुर्गला गेल्या होत्या. पालकांच्या पहिल्या सभेच्या दिवशी सगुणा आपल्या बसचा फलक धरून अंगणात उभी होती; बारा वर्षांत कानावर पडून पडून तिला इंग्रजी समजू लागले होते. बाई सांगत होत्या, “मी आठ महिने वर्गात तोंड उघडले नव्हते. मूल नव्या भाषेत शिरताना गप्प होते, त्याला घाबरू नका. पण घरची भाषा बंद करू नका. माझ्या आईने अरबी सोडली नाही, म्हणून मला जर्मन आली. जे मूल दोन्हीकडे गप्प होते, त्याची मात्र मला भीती वाटते.”

अस्मिताने वहीत टिपून घेतले, मान डोलावली आणि फाटकाबाहेर पडताना ती सुजीतला हलक्या आवाजात म्हणाली, “आठ महिने? आपल्याकडे चार आहेत.”

शाळेची आणखी एक पद्धत होती. प्रत्येक नवख्या मुलाला जर्मन येणाऱ्या एका मुलाची जोडी लावून देत. जोडीदाराने शेजारी बसायचे आणि नवख्याला शब्द सापडेपर्यंत त्याच्या वतीने बोलायचे. अवनीची जोडी सहाव्या आसनावरच्या हिबाशी लागली. हिबा दुसरीत होती, मूळची अलेप्पोची, शिस्तशीर वेणी घालणारी, स्वभावाने गंभीर. दोघींना समान अशी भाषा म्हणजे मोडकेतोडके इंग्रजी. पण हिबाने ही जबाबदारी एखाद्या वडीलधाऱ्या बाईसारखी शिरावर घेतली. अवनीची पाण्याची बाटली तीच सांभाळी, पट्टा तीच लावी.

चौथ्या सोमवारी अस्मिताने सगुणाला बाजूला घेतले.

“मावशी, एक रिक्वेस्ट आहे. तुम्ही अवनीशी मराठी बोलू नका, प्लीज.”

“म्हणजे?”

“घरी पण आम्ही टोटल बंद केलंय. नाहीतर ती मराठीतच राहते हो. तिच्या बाबांनी चार्ट लावलाय फ्रिजवर. मराठी शब्द आला की एक स्टार कट.”

“ताई, माका जर्मन येत नाय. मग मी बोलू काय तिच्याशी?”

“नकाच बोलू. ऐकू दे तिला आजूबाजूचं. चारच महिने. तिच्या भल्यासाठीच आहे ना.”

सगुणाला ते पटले नाही. पण मूल ज्याचे, अधिकार त्याचा, हे ती बारा वर्षे परक्यांची मुले सांभाळताना शिकली होती. त्या दिवशी अवनीने पायरीवरून विचारले, “मावशी, आज बोटी किती, सांग?” आणि सगुणाने ओठांवर बोट ठेवले. मुलगी थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारले, तिसऱ्या दिवशी नुसतेच पाहिले. चौथ्या दिवसापासून तिने पाहणेही सोडले.

मुले गप्प होतात तेव्हा ती रुसतात, कुढतात, निदान बोटे तरी चघळतात. अवनीचे तसे काही नव्हते. ती सातव्या आसनावर हात मांडीवर ठेवून बसे आणि खिडकीबाहेर बघे. एखाद्या घरातील माणसे दारे-खिडक्या लावून गावाला गेली असावीत, तसा तिचा चेहरा दिसू लागला. वासिफच्याही ते ध्यानात आले. “बाजी, ये बच्ची को किसी की नज़र लगी क्या? पहले तो रेडियो थी,” तो म्हणाला.

“नजर कसली, स्कूल लगा है,” सगुणा म्हणाली. पण तिला हसू आले नाही.

ह्याच सुमारास सुमैय्या बाईंनी एक खेळ काढला. बस शाळेत पोहोचली, की मुलांनी आपापल्या आसनाचा आकडा जर्मनमध्ये मोठ्याने म्हणायचा. आइन्स, त्स्वाय, द्राय, असे करीत एल्फपर्यंत, म्हणजे अकरापर्यंत. मुलांना तो आवडला. वाहतूक विभागाचा मुकादम युसुफ ह्याला तर तो फारच आवडला. मात्र त्याने त्या खेळाचा नियम केला.

“सगुणा, कल से सीट को हात लगाने का काम बंद,” युसुफने फर्मावले. तो कासरगोडचा होता आणि त्याची हिंदी सदैव घाईत असे. “चार मिनट जाता है उसमें. पीछे पाँच बस हॉर्न मारता है. बच्चा नंबर बोलेगा, तुम टिक करेगा. ग्यारह हो गया, यल्ला, उतारो. खलास.”

“युसुफभाई, हात लगाके देखती हूँ तो मेरे को चैन पडता है.”

“चैन घर में. इधर टाइम.”

पहिले काही दिवस ती मुलांना रांगेत लावून पुन्हा बसकडे परतत असे आणि तळवा फिरवून येई. मग युसुफने तिला त्याच वेळेस धाकट्या वर्गांच्या ओसरीवर पाण्याच्या यंत्रापाशी उभे राहण्याचे काम दिले, आणि तिचे परतणे थांबले. भिकाजी फोनवर विचारीत राहिला, ती “सगळी” म्हणत राहिली. उत्तर तेच होते. पण ते आता तळव्याचे नसून कानाचे होते, हे तिला एकटीलाच माहीत होते. ते तिने भिकाजीला सांगितले नाही.

अवनी अर्थातच आकडा म्हणत नसे. पहिल्या दिवशी सहावर येऊन माळ तुटली. “झेक्स,” हिबा म्हणाली, आणि पुढे शांतता. सगळ्या माना वळल्या. अवनी खिडकीबाहेर बघत होती. तेव्हा हिबाने आवाज थोडा बारीक केला आणि शेजारणीच्या वतीने म्हटले, “झीबेन.” जोडीचा नियमच तसा होता. सगुणाने सातव्या आसनाकडे पाहिले, मुलगी दिसली, तिने खूण केली. दुसऱ्या दिवशीही पाहिले. आठवड्याभराने पाहण्याचे कारण उरले नाही. हिबा रोज “झेक्स, झीबेन” असे एका दमात म्हणे आणि सगुणाची पेन्सिल दोन खुणा एका दमात करी.

ऑक्टोबरातला तो मंगळवार इतर मंगळवारांसारखाच उगवला. धुके होते. लगूनपलीकडच्या इमारती अर्ध्या पुसल्यासारख्या दिसत होत्या. अस्मिता अवनीला कडेवर घेऊन खाली आली.

“मावशी, कोल्ड झालाय जरा. सिरप दिलंय, झोपू दे तिला. मला आज अबुधाबीत लवकर पोहोचायचंय, नाहीतर घरीच ठेवली असती. इन्शाल्ला दुपारपर्यंत बरी होईल.”

सगुणाने मुलीला सातव्या आसनावर बसवले, पट्टा सैल केला, मान खिडकीकडे टेकवली. अवनीचे कपाळ किंचित कोमट होते. हिबाने आपली बाटली एका हातात आणि अवनीची दुसऱ्या हातात घेतली.

शाळेच्या फाटकाशी त्या दिवशी मोठी रांग होती. बस आवारात शिरता शिरता चौथ्या आसनावरच्या मुलीचा दुधाचा डबा उलटला आणि दूध आसनांमधल्या वाटेवर पसरले. मुले पाय वर घेऊन ओरडू लागली. मागून भोंगे सुरू झाले. युसुफ खिडकीवर टिचक्या मारीत म्हणाला, “यल्ला, सगुणा, यल्ला.” सगुणा गुडघ्यांवर बसून कागदाने दूध टिपत होती आणि तिच्या डोक्यावरून आकडे जात होते. आइन्स, त्स्वाय, द्राय. झेक्स, झीबेन. एल्फ. अकराही आकडे आले. झीबेन ऐकू आले, म्हणजे पोर जागी झाली, असे तिच्या मनाने परस्पर ठरवून टाकले. तिने तक्त्यावर अकरा लिहिले, खाली सही केली आणि मुलांना उतरवले. धाकट्या वर्गांच्या बाया आपापली मुले रांगेतून घेऊन गेल्या. वासिफने बस पत्र्याच्या छपराखाली नेऊन उभी केली, खाली उतरला, गाडीला वळसा घातला, मागचे दार उघडले आणि बाहेरूनच हात घालून बटण दाबले.

सात वाजून पंचवीस मिनिटे झाली होती.

सुमैय्या बाईंनी हजेरी घेतली तेव्हा अवनी नव्हती. आदल्या दिवशी आईने सर्दी झाल्याचे कळवले होते. बाईंनी गैरहजेरी मांडली आणि फळ्याकडे वळल्या. गैरहजर मुलांच्या पालकांना कचेरीतून संदेश जातात. ते साडेआठला जायचे होते. अशा रीतीने त्या सकाळी प्रत्येकाने आपापले काम नेमून दिल्याप्रमाणे केले.

तोवर धुके विरले. सगुणा ओसरीवर पाण्याच्या यंत्रापाशी उभी होती, आणि छपराच्या कडेवरून ऊन हळूहळू बसच्या अंगावर उतरत होते. तिला कसलीशी रुखरुख लागली होती. दूध नीट पुसले नाही, वास येईल, ती अशी काहीतरी असावी म्हणून तिने मनाची समजूत घातली.

सव्वाआठला हिबा पाणी भरायला आली. तिच्या हातात दोन बाटल्या होत्या. तिने आपली भरली, झाकण लावले, आणि दुसरी, गुलाबी, सगुणापुढे धरली.

“धिस इज अवनीज,” हिबा म्हणाली. “इज शी स्टिल स्लीपिंग?”

सगुणाला प्रश्न कळला, पण त्याचा अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. “व्हेअर स्लीपिंग?”

“इन द बस. आय सेड हर नंबर सॉफ्टली, सो शी डोन्ट वेक अप. यू ऑलवेज कॅरी हर.”

ते खरे होते. अवनी गप्प झाली त्या आठवड्यात ती बसमध्ये दोनदा झोपली होती आणि दोन्ही वेळा सगुणाने, तळवा फिरवीत सातव्या आसनापाशी आल्यावर, तिला उचलून नेले होते. हिबाच्या हिशेबी आजही तेच होणार होते.

सगुणा पळाली. पन्नासाव्या वर्षी, जाड बुटांनी, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या त्या आवारातून ती पळाली. तिला बस दिसत होती. पण काळ्या काचांमधून आत काही दिसत नव्हते. शेजारची बस नळीने धुणारा माणूस तिच्याकडे बघत राहिला. वासिफ छपराच्या खांबाशी चहा पीत बसला होता. तिचा चेहरा पाहून त्याने न विचारताच किल्ली काढली.

दार उघडले तेव्हा आतल्या हवेने तिच्या तोंडावर हात ठेवल्यासारखे झाले. आंबलेल्या दुधाचा वास येत होता. अवनी सातव्या आसनावर बसली होती. झोपलेली नव्हती. ताठ बसली होती, हात मांडीवर, केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. शेजारच्या काचेवर, तिचा हात पोहोचेल तितक्या उंचीपर्यंत, ओल्या तळव्याचे ठसे उमटले होते.

सगुणाने तिला उचलले, बाहेर सावलीत आणले, गुलाबी बाटली तिच्या ओठांना लावली. मुलगी घोट घोट प्यायली. मग सगुणाच्या तोंडून बंदी घातलेली भाषा आपोआप बाहेर पडली.

“बाय माझे, कधी जागी झालीस गो?”

अवनीने नळीवाल्या माणसाकडे बोट दाखवले. तो बस धुवायला आला तेव्हाच, असा त्याचा अर्थ होता. तो माणूस आता दुसऱ्या बसवर होता.

“मग हाक का नाय मारलीस? भोंगो का नाय वाजवलास? ओरडाक तरी व्हया होता.”

अवनीने आधी इकडेतिकडे बघून घेतले. पाच आठवड्यांनी ती बोलली, आणि तेही कुजबुजत.

“मी हात केला. त्यांना दिसलं नाही. मला जर्मनमध्ये हेल्प म्हणता येत नाही, मावशी. मराठीत म्हटलं की स्टार कट होतो.”

वासिफ मागे उभा होता. त्याला शब्द कळले नाहीत. पण काय घडले ते कळले होते. त्याचा चहाचा पेला हातात तसाच होता.

“बाजी,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “बच्ची ठीक है. पानी पी लिया. क्लास में छोड आओ, बोलो बाथरूम में थी. मेरा बटन, तुम्हारा दस्तखत, दोनों जाएगा. मेरे घर में नौ लोग हैं.” मग त्याने मान वळवली आणि म्हणाला, “ये तो बोलती भी नहीं. किसको बताएगी?”

तो वाईट माणूस नव्हता. बारा वर्षांत त्याने तिला अनेकदा आडवेळी घरी पोहोचवले होते, भिकाजी जखमी झाला त्या दिवशी खोर फक्कानच्या दवाखान्यात तोच घेऊन गेला होता. आणि तो म्हणत होता ते खोटेही नव्हते. आवारात कोणी नव्हते. साडेआठला अजून सात-आठ मिनिटे होती. मुलगी कोणाला काही सांगणार नव्हती. तिला तसे शिकवण्यात आले होते. सगुणा त्या सावलीत, मूल छातीशी धरून, जितका वेळ उभी राहिली तितका वेळ उभे राहण्याची लाज तिला पुढे बरेच दिवस वाटत राहिली.

मग ती शाळेच्या दवाखान्याकडे चालू लागली. नर्सला आधी मुलीचे सांगितले, मग आपल्या सहीचे. वासिफच्या बटणाविषयी मात्र तिने चकार शब्द काढला नाही. ते त्याने स्वतः येऊन सांगितले, अर्ध्या तासाने, टोपी हातात धरून.

अस्मिता दहाच्या सुमारास पोहोचली. अवनीला तोवर मीठ-साखरेचे पाणी दिले होते, ताप उतरला होता, डॉक्टरांनी धोका नसल्याचे सांगितले होते. अस्मिताने मुलीला घट्ट धरले आणि तिच्या खांद्यावरून सगुणाकडे पाहिले.

“मावशी, तुम्ही मराठी म्हणून मी विश्वास ठेवला होता.”

“चूक माझी आसा, ताई,” सगुणा म्हणाली. “मी बघूक नाय. सजा होतली ती मी घेतलंय. पण एक सांगतंय. ती पन्नास मिनिटांतलो बरोच येळ जागी होती. तिणी हाक मारूक नाय. तुमी माका गप ऱ्हवाक सांगितलात, मी ऱ्हवलंय. तीय ऱ्हवली.”

अस्मिताचा चेहरा बदलला. ओठ हलले, ती काही बोलणार असे वाटले. सुमैय्या बाई दारात उभ्या होत्या, त्याही वाट पाहत होत्या. अवनीही आईच्या तोंडाकडे बघत होती, फार लक्षपूर्वक.

“कम, बेबी,” अस्मिता म्हणाली. “लेट्स गो होम.”

मुलीने नजर खाली वळवली आणि ती आईच्या मागून चालू लागली.

त्या संध्याकाळी भिकाजीचा फोन नेहमीच्या वेळेला आला.

“सगळी उतारली?”

सगुणा काही बोलली नाही.  पलीकडे, गावच्या पडवीवर, भिकाजीने विचारले, “जिवंत आसा?”

“आसा.”

“मग सांग,” तो म्हणाला, आणि तिने त्याला सगळे सांगितले, तळवा थांबला त्या दिवसापासूनचे.

चौकशी झाली. वासिफला गाडीवरून उतरवून गोदामात टाकले. सगुणाला महिनाअखेर सेवेतून मुक्त करण्याचे पत्र मिळाले; तोवर तिने नव्या बाईला काम समजावून द्यावे, असे त्यात नमूद होते. आकडे म्हणून घेण्याचा नियम कायम राहिला, कारण चौकशीच्या अहवालानुसार दोष नियमात नव्हता, अंमलबजावणीत होता.

नवी बाई म्हणजे स्वप्नाली. कणकवलीची, चोवीस वर्षांची, चटपटीत. युसुफशी ती दोन दिवसांत हिंदीतून थट्टाही करू लागली. सगुणाच्या जागी येण्याचा तिला संकोच होता, आणि तो झाकण्यासाठी ती जास्तच बोलत असे.

“मावशी, तुमी उगाच जीवाक लावन घेतास. आता ॲप येतला म्हणे. बोट लावला की झाला.”

“येवदे,” सगुणा म्हणाली.

सगुणाचा शेवटचा दिवस गुरुवार होता. अल मजाजच्या त्या इमारतीपाशी बस थांबली नाही. अवनीला आता सुजीत मोटारीने सोडत असे. ती शाळेत येते आणि अजून एक शब्दही बोलत नाही, एवढे सुमैय्या बाईंकडून कळले होते. ओसरीवर एकदा सगुणा समोर आली, तेव्हा अवनीने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवले आणि ती पुढे निघून गेली.

बस आवारात शिरली. स्वप्नाली तक्ता घेऊन पुढे उभी राहिली. मागून भोंगे वाजत होते. आइन्स, त्स्वाय, द्राय. सगुणा शेवटच्या आसनापाशी हाताची घडी घालून ऐकत होती. झेक्स, हिबा म्हणाली, आणि मग, थोडा आवाज बारीक करून, “झीबेन.”

आख्ट, नॉइन, त्सेन, एल्फ. स्वप्नालीने अकरा लिहिले आणि ती दाराकडे वळली.

“थांब,” सगुणा म्हणाली. ती सहाव्या आसनापाशी आली. “हिबा. अवनी नो बस नाऊ. व्हाय यू से सेव्हन?”

हिबाने वेणी पाठीवर टाकली आणि बाईंनी फळ्यावर बोलावल्यासारखी ती उभी राहिली. “आय नो शी इज नॉट हिअर. बट शी इज माय पेअर. टीचर सेड, अन्टिल शी कॅन स्पीक. शी कॅन नॉट स्पीक येट.”

तिच्या आवाजात कुठेही चूक केल्याची जाणीव नव्हती. सगुणाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वप्नालीला हाक मारली.

“तक्त्यावर काय लिवलंस?”

स्वप्नालीने तक्ता पाहिला, मग सातवे आसन पाहिले.  खिडकीवर युसुफची टिचकी पडली. यल्ला, यल्ला. काचेवरचे ते छोट्या तळव्यांचे ठसे धुतले गेले होते. पण ऊन तिरपे पडले, की त्यांच्या कडा अजूनही पुसटशा दिसत.

सगुणाने स्वप्नालीचा उजवा हात मनगटाशी धरला आणि सातव्या आसनावर टेकवला. आसन उन्हाने तापले होते. स्वप्नालीने दचकून हात ओढायचा प्रयत्न केला. सगुणाने तो सोडला नाही.

“भोंगे वाजूदेत,” ती म्हणाली. “आता मागसून सुरवात कर.”